एका उन्हाळ्यात तीनदा बदललेला नियम: २५ टक्के प्रवेशांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं आहे. गावाचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. तारखा आणि सरकारी निर्णय मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

गावात केळी-कापसाचा व्यापार चालतो, जिनिंग आहेत, आठवडी बाजार मोठा भरतो. हमाली, शेतमजुरी, गवंडीकाम आणि रिक्षा यांवर चालणारी घरं बरीच आहेत. काही कुटुंबं वर्षातले काही महिने सुरतेला असतात. नगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या मराठी शाळा आहेत, जुन्या संस्थांच्या अनुदानित शाळा आहेत आणि अलीकडे उभ्या राहिलेल्या विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळाही आहेत.

शिक्षण हक्क कायदा (आरटीई) १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२(१)(सी) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांना पहिल्या प्रवेशवर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित गटातल्या आणि दुर्बल घटकातल्या मुलांना मोफत द्याव्या लागतात. अल्पसंख्याक संस्थांना यातून सूट आहे. दुर्बल घटकासाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. सरकार शाळांना दर विद्यार्थ्यामागे वर्षाला १७,६७० रुपये देणं लागतं आणि ते पैसे वर्षानुवर्षं थकतात. त्यामुळे शाळा नाखूश असतात आणि पालकांना दारातच उत्तरं मिळतात.

या अर्जांसाठी गावात तिघं जण दरवर्षी मदत करायचे. एक निवृत्त केंद्रप्रमुख, ज्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. एक अंगणवाडी सेविका, वस्तीतल्या सगळ्यांच्या ताई. आणि ऑनलाइन अर्जांचं छोटं दुकान चालवणारा एक तरुण, त्याला इथे दुकानदार म्हणू. त्यांची नोंदणीकृत संस्था नव्हती आणि बैठका सरांच्या ओट्यावर व्हायच्या. मी या तिघांशी आणि काही पालकांशी बोलले, ताईंची वहीही पाहिली. पुढचं सगळं त्यावरून लिहिलं आहे.

प्रश्न कसा उभा राहिला

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून आरटीईच्या नियमांत दुरुस्ती केली. विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या विनाअनुदानित शाळेला २५ टक्क्यांची अट लागू नाही, असं त्यात होतं. तालुक्याच्या गावात एक किलोमीटर म्हणजे जवळपास सगळं गाव. इथल्या प्रत्येक इंग्रजी शाळेजवळ पालिकेची, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित शाळा होतीच. म्हणजे या गावापुरती २५ टक्क्यांची तरतूद कागदावर राहिली आणि व्यवहारात संपली.

गावात ती बातमी व्हॉट्सअ‍ॅपवरून ‘आरटीई बंद झालं’ एवढ्या तीन शब्दांत पोहोचली. बाजाराच्या दिवशी पालक सरांच्या ओट्यावर जमले. एका बाईने अहिराणीत विचारलं, “सर, आते काय करानं?” तिचा मोठा मुलगा याच योजनेतून शिकत होता. धाकटीचं वय त्या वर्षी बसत होतं. मोठ्याचं काय होणार, धाकटीचं काय होणार आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला खेपा घालायच्या की नाही, असे तीन वेगळे प्रश्न तिच्या एका वाक्यात होते.

पहिला निर्णय: कागद आधी

तिघांपुढे तीन वाटा होत्या. बातमी खरी धरून ‘यंदा काही नाही’ सांगायचं. काही न सांगता वाट पाहायची. किंवा मूळ मजकूर मिळवून मगच बोलायचं. सरांनी तिसरी वाट धरली. तिथेच पहिली अडचण आली. त्यांनी सवयीने शासनाच्या संकेतस्थळावरची शासन निर्णयांची यादी उघडली. शालेय शिक्षण विभाग निवडला, फेब्रुवारी महिना चाळला, आणि यादीत हा बदल सापडेना. दुकानदार म्हणाला, “मग अफवाच असेल.”

अफवा नव्हती. नियमांतली दुरुस्ती राजपत्रातल्या अधिसूचनेने होते. शासन निर्णय वेगळा, परिपत्रक वेगळं, शिक्षण संचालनालयाचं पत्र आणखी वेगळं. प्रवेशाचं वेळापत्रक पुण्याच्या प्राथमिक शिक्षण संचालनालयाकडून येतं आणि न्यायालयाचा आदेश न्यायालयाच्या संकेतस्थळावर असतो. शिक्षणातल्या एकाच बदलाचे कागद असे चार ठिकाणी विखुरलेले असतात. एकाच यादीवर नजर ठेवणाऱ्याला, कितीही नियमित असला तरी, अर्धंच दिसतं. सरांची नोकरीतली सवय शासन निर्णयाची होती, कारण शाळेपर्यंत तोच येतो. एका ओळखीच्या वकिलाने राजपत्राची प्रत काढून दिली तेव्हा उलगडा झाला.

मजकूर हाती आल्यावर दोन गोष्टी लगेच कळल्या. ज्यांना आधी प्रवेश मिळाला आहे त्यांचं शिक्षण चालूच राहणार होतं, त्यामुळे मोठ्या मुलाची काळजी मिटली. आणि दुरुस्ती नियमांत झाली होती, मूळ कायद्यात नाही. दुसऱ्या गोष्टीचं महत्त्व त्या दिवशी फक्त वकिलाला उमगलं. संसदेच्या कायद्याने दिलेला हक्क राज्याच्या नियमाने काढता येतो का, हा प्रश्न न्यायालयात जाणार, असं तो म्हणाला.

म्हणून ठरलं ते असं: प्रवेश मिळेल असं कुणालाही सांगायचं नाही, पण दाखले काढून ठेवायला सांगायचं. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला पुढे शिष्यवृत्तीलाही चालतो. तहसीलची खेप वाया जाणार नव्हती. या संपूर्ण प्रकरणात मला सगळ्यात शहाणा वाटलेला निर्णय हाच. नियमाचं काय होईल हे कुणाच्या हातात नव्हतं, तेव्हा कुठल्याही निकालात उपयोगी पडेल असं काम पालकांच्या हाती दिलं गेलं.

दुसरा निर्णय: एप्रिलमधला अर्ज

१६ एप्रिलला प्रवेश अर्जांचं पोर्टल सुरू झालं. राज्यभरात ७६ हजारांवर शाळा आणि ८ लाख ८६ हजारांच्या आसपास जागा दिसत होत्या. आकडा डोळे दिपवणारा होता, पण त्यात सरकारी आणि अनुदानित शाळाही धरल्या होत्या. या गावातल्या पालकाने घराचं ठिकाण नकाशावर टाकलं की समोर यायच्या त्या पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळा. तिथे प्रवेशाला सोडत लागत नाही. दारात गेलं की नाव घालतात.

यावर तिघांत मतभेद झाला. दुकानदाराचं म्हणणं, जे असंही मिळणार आहे त्यासाठी लोकांचा वेळ आणि पैसे कशाला घालवायचे? सरांचं म्हणणं, उद्या न्यायालयात काही झालं तर ‘अर्जच नव्हता’ म्हणून कुणी बाहेर राहू नये. ताई म्हणाल्या, पालकांना दोन्ही बाजू सांगू आणि त्यांनाच ठरवू देऊ. शेवटी तसंच झालं. राज्यातही बहुतेकांनी पाठ फिरवली. त्या टप्प्यात जेमतेम ६९ हजारांच्या आसपास अर्ज आले.

सरांचं म्हणणं तेव्हा सावधपणाचं वाटलं होतं. पुढे उलटं झालं. ज्यांनी एप्रिलमध्ये अर्ज भरला, त्यांनाच ‘आपलं काम झालं’ असं वाटत राहिलं. ज्यांनी भरला नव्हता, ते कान टवकारून होते.

याच टप्प्यावर नोंदींमध्ये फरक पडला. ताईंकडे येणाऱ्या प्रत्येक घराची त्या शंभर पानी वहीत एक ओळ लिहीत. मुलाचं नाव, जन्मतारीख, कुठला दाखला बाकी आहे, आणि शेवटच्या रकान्यात ‘काय सांगितलं’. एका ओळीचा शेवट असा आहे: “वडील सुरत. आईचा फोन बंद असतो. निरोप किराणा दुकानावर. सांगितलं: आत्ता फक्त झेडपीच्या शाळा दिसतात, अर्ज भरायचा नाही म्हणाली, कोर्टाचं कळलं तर कळवा.” दुकानावर थेट येणाऱ्यांची अशी नोंद नव्हती. पालकाकडे फोन नसला किंवा ओटीपीला उशीर झाला, की अर्जात दुकानाचाच मोबाइल नंबर टाकला जायचा. घाईत काम उरकायला ते सोपं पडायचं. पण त्यामुळे त्या घरांसाठीचे सरकारी संदेश दुकानाच्या एका फोनवर येऊन पडणार होते.

तिसरा निर्णय: स्थगिती म्हणजे काय सांगायचं

६ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारीच्या दुरुस्तीला अंतरिम स्थगिती दिली. संध्याकाळपर्यंत गावात संदेश फिरला: ‘आरटीई पुन्हा सुरू’. अंतरिम आदेशाने नियम थांबतो, पोर्टल मात्र आपोआप उघडत नाही. त्यासाठी संचालनालयाने नवं वेळापत्रक काढावं लागतं, शाळांची नोंदणी पुन्हा करावी लागते. जुने अर्ज चालतील की नव्याने भरावे लागतील, याचं उत्तर त्या आठवड्यात कुणाकडेच नव्हतं.

आणि आठवडा कुठला, तर आखाजीचा. १० मेला अक्षय तृतीया होती. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, सासरच्या घराला कुलूप, नाही तर घरात फक्त म्हाताऱ्या. १३ मेला जळगाव आणि रावेर या दोन्ही मतदारसंघांत लोकसभेचं मतदान. शिक्षक आणि तहसीलचे कर्मचारी निवडणुकीच्या कामात, पारा चढलेला, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. निरोप पोहोचवायला याहून अवघड दिवस शोधून सापडले नसते.

लगेच सगळ्यांना बोलवायचं, की वेळापत्रक येईपर्यंत थांबायचं? लगेच बोलावलं तर सांगायला नक्की काही नाही, आणि रिकाम्या हाताने परत गेलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही. थांबलं तर मुदत संपायची भीती. ताईंनी मधला मार्ग काढला. वहीतल्या प्रत्येकाला एकच निरोप: “नियम थांबलाय. अर्ज सुरू झालेले नाहीत. कागद माहेरी नेले असतील तर येताना घेऊन या. तारीख कळली की मी सांगते.” काय झालं, काय झालेलं नाही आणि तोवर काय करायचं, हे तीन वाक्यांत आलं होतं. माझ्या मते धोरण बदलल्याचा निरोप असाच असावा.

१७ मेपासून नवे अर्ज सुरू झाले. सुरुवातीची मुदत ३१ मेपर्यंत होती. आधी अर्ज केलेल्यांनीही पुन्हा अर्ज करायचा, असं त्यात स्पष्ट होतं. वहीतली बहुतेक घरं त्या पंधरवड्यात येऊन गेली. दुकानातून एप्रिलमध्ये अर्ज भरलेल्यांना शोधणं कठीण गेलं. दुकानदाराने संगणकात उरलेल्या पीडीएफ उघडून, पत्ते काढून, संध्याकाळी मोटरसायकलवर फिरून घरं शोधली. काही सापडली. काहींना कुलूप होतं. काहींनी ‘आमचा अर्ज भरलेला आहे’ म्हणून पावती दाखवली आणि ऐकून घेतलं नाही. त्यांच्या हातात खरी, छापील, सरकारी पावती होती. ती रद्द झाली आहे हे दुसऱ्या माणसाच्या तोंडच्या शब्दांवर त्यांनी का मानावं?

राज्यात या वेळी सुमारे १ लाख ५ हजार जागांसाठी २ लाख ४२ हजारांवर अर्ज आले. एप्रिलच्या आकड्याशेजारी हा आकडा ठेवला की पालकांना काय हवं होतं ते दिसतं.

चौथा निर्णय: शाळा सुरू झाली, यादी नाही

७ जूनला सोडत निघाली. यादी जाहीर झाली नाही, कारण प्रकरण न्यायालयात होतं. १५ जूनला शाळा उघडल्या. “आमना पोऱ्याना नंबर लागना का?” हा प्रश्न रोज येत होता आणि उत्तर नव्हतं.

पर्याय होते ते असे. मूल घरी ठेवायचं. खासगी शाळेत फी भरून बसवायचं आणि नंबर लागला तर पैसे परत मागायचे. किंवा जवळच्या मराठी शाळेत नाव घालायचं. तिसऱ्या पर्यायाला पालक घाबरत होते. एकदा नाव ऑनलाइन चढलं की आरटीईचा प्रवेश अडेल, असं कुणीतरी सांगितलं होतं. सरांनी शिक्षण विभागाच्या तालुका कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारलं. उत्तर तोंडी मिळालं, की अडचण येणार नाही, दाखला काढून नाव हलवता येईल. लेखी मागितल्यावर ‘वरून सूचना नाहीत’ असं सांगण्यात आलं.

तिघांनी मुलांना मराठी शाळेत पाठवायचा सल्ला दिला आणि तो तोंडी उत्तरावर आधारलेला आहे, हेही पालकांना सांगितलं. सहा वर्षांचं लेकरू महिना-सव्वा महिना घरी बसलं तर त्याचं नुकसान आहेच. दोन-तीन घरांनी मात्र उसनवारी करून खासगी शाळेत फी भरली. पुढे त्यांच्यापैकी एकाचा नंबर त्याच शाळेत लागला आणि भरलेली फी परत मिळवायला त्यांना बराच झगडा करावा लागला.

निष्पत्ती

१९ जुलै २०२४ रोजी उच्च न्यायालयाने फेब्रुवारीची दुरुस्ती रद्द केली. नियम मूळ कायद्याच्या विरोधात जाऊ शकत नाही, हाच त्याचा गाभा होता. पुढे ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. २० जुलैला निवड यादी आली आणि २३ ते ३१ जुलै अशी प्रवेशाची मुदत मिळाली.

ताईंच्या वहीतल्या ज्या मुलांचे नंबर लागले, त्यांची कागदपत्रं आधीच तयार होती. तालुका समितीची पडताळणी एकाच खेपेत पार पडली. फेब्रुवारीत ओट्यावर प्रश्न विचारणाऱ्या बाईची धाकटी भावाच्याच शाळेत गेली. प्रतीक्षा यादीत असलेले काही जण नंतर आत गेले, काही राहिले. नंबर लागणं न लागणं सोडतीवर होतं, त्याचं श्रेय-अपश्रेय कुणाकडे जात नाही.

तिघांच्या हातात जे होतं, ते दुकानाच्या अर्जांमध्ये दिसतं. एप्रिलमध्ये भरून मेमध्ये न भरलेली काही घरं सोडतीतच नव्हती. एका मुलाचा नंबर लागला, पण संदेश दुकानाच्या फोनवर आला. त्या दिवसांत दाखल्यांसाठी झुंबड होती आणि तो संदेश वाचला गेला तेव्हा मुदतीचा शेवटचा दिवस होता. वडील सुरतेहून वेळेत पोहोचले नाहीत. तो मुलगा आता पालिकेच्या शाळेत शिकतो. वर्गशिक्षिका चांगली आहे आणि मूल रमलं आहे, असं त्याची आई सांगते. तरीही मिळालेली जागा एका न वाचलेल्या संदेशामुळे गेली, याचं तिला वाईट वाटतं आणि वाटणारच.

त्या मुलासाठी पुढच्या वर्षी पुन्हा पहिलीचा अर्ज करावा का, असा प्रश्न आला होता. ताईंनी स्पष्ट नको म्हटलं. वर्ष शिकलेल्या मुलाला पुन्हा मागे बसवायचं नाही. मला हे पटतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे मोबाइल नंबर. अर्जात पालकाचा किंवा पालकाच्या खात्रीतल्या माणसाचा नंबर नसेल तर अर्ज भरायचा नाही, एवढा एक नियम असता तर वरची जागा गेली नसती.

दुसरं, एप्रिलच्या पावतीवर तिथल्या तिथे पेनाने ‘प्रकरण कोर्टात आहे, मे अखेरपर्यंत पुन्हा विचारा’ असं लिहून देता आलं असतं. पालक तोंडी बोलणं विसरतात, पावती जपून ठेवतात.

तिसरं, तालुका कार्यालयाला विचारलेला प्रश्न जिल्ह्याला आणि संचालनालयालाही त्याच दिवशी पाठवायला हवा होता. तोंडी उत्तरावर पालकांनी किती काळ विसंबायचं?

धोरणांचा मागोवा घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण निर्णयांचा संग्रह करू लागतात. सरांकडेही फायली आहेत, नीट लावलेल्या. पण २०२४ च्या उन्हाळ्यात कामाला आली ती ताईंची वही, कारण तिच्यात निर्णयापेक्षा माणसांची नोंद होती. कुणाला, कुठल्या तारखेला, काय सांगितलं. नियम फिरला की ती ओळ बघून त्याच घरी पुन्हा जाता येत होतं.

आता तिघांची वही एक आहे. प्रत्येक बदलापुढे कागदाचा प्रकार लिहितात: राजपत्र, शासन निर्णय, संचालनालयाचं पत्र की न्यायालयाचा आदेश. मग तारीख, आणि मग स्थिती: लागू, स्थगित, रद्द, की नुसतीच बातमी. शासन निर्णयाची पीडीएफ आली तर दुकानदार आधी शेवटी दिलेला संगणक सांकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून पाहतो. त्या सांकेतांकाचे पहिले आठ आकडे वर्ष, महिना, दिवस असे असतात, त्यामुळे जुना निर्णय नवा म्हणून फिरत असेल तर तिथेच कळतं. स्थिती शाईने लिहायची नाही, पेन्सिलने लिहायची, हा ताईंचा आग्रह.

ही पद्धत लगेच वापरावी लागली. पुढच्या वर्षाचे आरटीई अर्ज १४ जानेवारी २०२५ पासूनच सुरू झाले, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा तीन महिने आधी. एप्रिलच्या हिशेबाने बसलेल्यांना वहीवरून निरोप गेले. त्याच वर्षी पहिलीपासून हिंदीच्या प्रश्नावर १६ एप्रिलचा शासन निर्णय, १७ जूनचा सुधारित निर्णय आणि २९ जूनला दोन्ही रद्द केल्याची घोषणा, असं सगळं अडीच महिन्यांत झालं. पहिल्या निर्णयानंतर काही पालक हिंदीची पुस्तकं आणि शिकवणी विचारत ताईंकडे आले होते. प्रत्येकाच्या ओळीत ‘सांगितलं: थांबा, खर्च करू नका’ असं लिहिलेलं होतं, आणि २९ जूननंतर त्या ओळींवरूनच फोन गेले.

तालुका कार्यालयाचं लेखी उत्तर मात्र अजून आलेलं नाही. सरांनी आता त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला आहे.